विषय : अजून ठरला नाही

चूक माझी होती, एकट्याची. एक माणूस सोडला तर ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — बायकोलाही नाही. आता लिहितानाही हात अडतोय. पण गंमत बघा, ते दिवस आठवले की आधी आनंदच उसळतो. कारण आनंद माझ्या मुलीचा होता. खोटं तेवढं माझं.

इरा एडिनबराला शिकायला गेली ती विषय न ठरवता. तिकडे पहिली दोन वर्षं तीन-तीन विषय घेऊन बघता येतात, मग एक पक्का करायचा. पोरगी नाचत होती. आणि मी? मी लंडनजवळच्या क्रॉयडनमधला भूल देणारा डॉक्टर. बारावीचे मार्क आले, वडिलांनी फॉर्म भरला — एवढीच माझी निवड. इराचा मला हेवा वाटला. आणि तिची लाजही. दोन्ही एकदम वाटू शकतं का? मला वाटलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात गणपतीत मुलांचा गुणगौरव असतो. युनिव्हर्सिटीत गेलेल्यांची नावं विषयासकट पुकारतात, नारळ देतात. त्या वर्षी बायको इराला सोडायला एडिनबराला गेलेली, त्यामुळे यादी माझ्याकडे आली. वर कुणाची डेंटिस्ट्री, कुणाचं लॉ. इराच्या नावापुढे ‘अजून ठरला नाही’ एवढंच तर लिहायचं होतं. मी लिहिलं — मेडिसिन.

टाळ्या पडल्या. नारळ मीच घेतला. त्याच्या वड्या केल्या आणि पोस्टाने इराला पाठवल्या. तिने मैत्रिणींना वाटून खाल्ल्या.

बायको परतल्यावर लोक तिचं अभिनंदन करायला लागले. मी तिला म्हणालो, “माइकवर चुकीचं वाचलं असेल गं.” म्हणजे आणखी एक खोटं — आणि तेही नावं पुकारणाऱ्या बिचाऱ्या सेक्रेटरीच्या माथी.

दर रविवारी इराचा फोन यायचा. धापा टाकत बोलायची. “बाबा, फिलॉसॉफी इज मॅड! समोरची खुर्ची खरंच आहे का, यावर पूर्ण एक तास!” मग स्पॅनिश. मग एकदा, “बाबा, आज मी दगड खाल्ली!” तिचं मराठी असंच. दगडातला गाळ किती बारीक आहे ते बघायला जिऑलॉजीवाले दाताने खरवडून बघतात म्हणे. मी हसत सुटलो. दुसऱ्या दिवशी दोन ऑपरेशनांच्या मधे फोनवर दगडांचे फोटो बघत बसलो — पन्नाशीचा माणूस! आणि मंडळात कुणी विचारलं की? “ॲनाटॉमी जरा जड जातेय तिला.” इतक्या सहज.

पुढच्या गणपतीला इरा घरी होती. प्रसादाच्या रांगेत जोशीकाकूंनी तिला गाठलं. “काय गं डॉक्टरीणबाई, माझा गुडघा बघ ना जरा!”

इराने माझ्याकडे पाहिलं. मी द्रोणातल्या शिऱ्याकडे.

“काकू,” ती म्हणाली, “गुडघे अजून आले नाहीत आम्हाला.”

काकू खो खो हसल्या. घरी येताना गाडीत इरा खिडकीबाहेर बघत होती. तेव्हा तरी बोलायला नको होतं का? मी विचारलं, “हीटिंग वाढवू का?”

यंदा मे महिन्यात तिचा फोन आला. “बाबा, ठरलं! जिऑलॉजी! तुम्ही या, मी तुम्हाला दाखवते!” मी रजा टाकली, पहिली ट्रेन पकडली. स्टेशनवरून ती मला थेट समुद्रकाठी घेऊन गेली. वारा असा, की उभं राहवेना. ती या खडकावरून त्या खडकावर उड्या मारत होती, हे कधीचं, ते कुठून आलं, सांगत होती. मलाही पुढचं ऐकायची घाई झाली होती. एवढं कुतूहल माझ्याच घरातून आलं होतं आणि मी ते लपवलं होतं.

तिने एक करडा तुकडा माझ्या हातात ठेवला. “चावून बघा. कचकच लागतं?”

लागत होतं.

“इरा,” मी म्हणालो, “तुझ्या नावापुढे मेडिसिन मीच लिहिलं. आईशी खोटं बोललो. काकूंसमोर तुलाही खोटं बोलायला लावलं. मला तुझी लाज वाटली होती. चुकलं माझं, बाळा. सॉरी.”