वेठीचं पान

"खांदे जरा वाकव. पाटलासमोर इतकं ताठ कोणी उभं राहत नसे."

हे प्रोफेसर मला सांगत होते. मी प्रेसच्या मधल्या खोलीत उभा. हातात खिडकीची झडप ढकलायची बांबूची काठी. समोर माझाच आरसा. मालक खुर्चीत पान चघळत बसले होते आणि हसत होते. दारात मशीनमन उभा होता, तोही हसत होता.

मी खांदे वाकवले.

हो, वाकवले. पुढे काय केलं ते सांगताना छाती फुगते, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

नागपुरात महाल भागात तो लिथो प्रेस होता. मी तिथला चित्रकार. लिथोचं काम दगडावर. गुळगुळीत दगडावर चित्र उलटं काढायचं, म्हणजे कागदावर ते सुलट उमटतं. उलटं काढताना चूक कळत नाही, म्हणून टेबलावर आरसा ठेवतात. त्यात चित्र सुलट दिसतं. तेलाच्या डब्यांची लेबलं, उदबत्तीची पाकिटं, कॅलेंडरवरचे देव, सगळं माझ्या हातचं. मालकांना माझा हात पाहिजे होता. हाताला चिकटलेला माणूस नको होता. स्वातंत्र्य मिळून वीस वर्षं उलटली होती आणि माठातलं पाणी मला मशीनमन वरून ओतायचा. मी ओंजळ धरायचो. मीच काढलेले देव समोरच्या भिंतीवर टांगलेले असायचे.

प्रेसने एक खेळ काढला होता. नाव 'चक्रवर्ती'. पुठ्ठ्याचा पट, फासे, सोंगट्या आणि पत्त्यांचा गठ्ठा. चार राज्यं, चार राजे. फासे टाकायचे, किल्ले घ्यायचे, दुसऱ्याचा खजिना लुटायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत इतवारीच्या दुकानांतून तो हातोहात गेला. मग मालकांनी ठरवलं, वाढीव आवृत्ती काढायची. आणखी तीन राज्यं, तीन राजे. कोणते घ्यायचे ते ठरवायला प्रोफेसरांना बोलावलं. ते कॉलेजात इतिहास शिकवत. मालक मला म्हणाले, "हे काम झकास झालं तं डब्यावर तुझं नाव छापतो. चित्रकार म्हणून."

डब्यावर नाव. मतदारयादी सोडली तर आमच्या खानदानात कुणाचं नाव कुठे छापलं गेलं नव्हतं. मी हुरळलो. बाला, म्हणजे माझ्या बापाला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. आमच्या अर्ध्या इंदोरा वस्तीला सांगितलं म्हणा ना.

नवे नियम खेळून बघायचे होते. चार गडी लागत. मालक, त्यांचा मेव्हणा, प्रोफेसर, तीन झाले. मालकांनी मला हाक मारली. मी आलो, बसायला वाकलो.

"तू उभ्यानंच खेळ," मालक म्हणाले. "तुझे हात शाईचे हायेत, पट खराब होईल. तू चाल सांग, सोंगटी मी सरकवतो."

मी हात धुऊन आलो होतो. तरी उभा राहिलो. पट मी काढलेला, किल्ले मी काढलेले, सोंगट्यांचे रंग मी ठरवलेले. आणि माझी सोंगटी मालकांच्या बोटात. दुसऱ्या डावाला मेव्हणा उठून गेला, तेव्हा मशीनमनला बसवलं. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. तो मांडी घालून बसला, फासे खुळखुळवले, पटावर अंगठा उमटवला. कुणी काही बोललं नाही. शाईचीही जात असते हे मला त्या दिवशी कळलं.

दोन्ही डाव मीच जिंकलो. उभ्याने. ते कुणाला आवडलं नाही.

त्यानंतर राजे निवडायला बसले. प्रोफेसरांनी तीन नावं वाचली. सगळे तलवारवाले, मिशीवाले, आधीच्या चौघांचे चुलतभाऊ वाटावेत असे. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सर, गोंडांचं राज्य घ्या ना. हे नागपूर त्यांनीच वसवलं. किल्ला इथून चालत जाण्याएवढा आहे."

"अरे, ती जंगलात राहणारी माणसं," प्रोफेसर म्हणाले. "राज्य म्हणजे दरबार लागतो, परंपरा लागते."

"मग मौर्य घ्या. लढाई जिंकून ज्यानं लढाई सोडली, तो राजा."

"ज्यानं तलवार ठेवली तो या खेळात काय करणार? भिक्षा मागणार?" ते मालकांकडे बघून हसले. मालक म्हणाले, "हा खेळ हाय गा. तुमची सभा नाई."

प्रोफेसरांना बहुतेक वाटलं असावं की आपण फार ताणलं. समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. तुमच्या लोकांनाही जागा देऊ या खेळात."

आणि दिली. पत्त्यांत दोन नवी पानं घातली. पहिल्यावर मजकूर: 'वेठीला वेसकर मिळाला. दोन घरे पुढे जा.' दुसऱ्यावर: 'वेसकर पळाला. एक घर मागे या.' दोन्हींवर चित्र एकच. डोक्यावर ओझं, हातात घुंगराची काठी, कमरेत वाकलेला माणूस.

"नमुन्याला माणूस कुठून आणू?" मी विचारलं. वाटलं, टळेल.

"आणायचा कशाला?" प्रोफेसर म्हणाले. "आरसा आहे की तुझ्यासमोर."

तो आरसा, ती बांबूची काठी, ते वाकवलेले खांदे, ते तेव्हाचे.

मी काढलं. नाव छापलं जाणार होतं म्हणून काढलं. तिन्ही नवे राजे आणि वेठीचं पान, सगळं एकाच मोठ्या दगडावर. महिनाभराचं काम. वेसकराला माझंच नाक, माझीच हनुवटी आली. पायात चपला आल्या, माझ्या पायात होत्या म्हणून. पहिलं प्रूफ निघालं आणि मी येडा ते दाखवायला घरी घेऊन गेलो.

बा मिलमधून पाळी संपवून आला होता. ओट्यावर बसून त्याने चष्मा लावला. राजे बघितले. "झ्याक हाय," म्हणाला. मग बोट वेठीच्या पानावर थांबलं.

बाबद्दल सांगायला पाहिजे. बा कन्हानपलीकडच्या गावचा वेसकर होता. निरोप न्यायचे, साहेबाचं सामान वाहायचं, मेलेल्याची खबर घेऊन उन्हात पाच कोस पळायचं. मोबदला म्हणून उरलंसुरलं. हातात घुंगराची काठी. घुंगरं वाजली की बाया पाण्याच्या घागरी बाजूला घेत. मी शाळेसाठी लहानपणापासून नागपूरला मामाकडे, त्यामुळे मी ती काठी कधी पाहिलीच नाही. धर्मांतराला गावातली आपली माणसं पायी नागपूरला निघाली, तेव्हा बाने ती कन्हानच्या पुलावरून नदीत फेकली. ही गोष्ट आमच्या घरात लेकरांना शंभरदा सांगितली जाई.

"हे कोन हाय?" बाने विचारलं.

"वेसकर. खेळातलं पान हाय."

"तोंड तं तुहं हाय."

बाने मजकूर वाचला. तो प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकला होता, बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवून. मला ते सगळं थांबून ऐकावं लागलं. वे-ठी-ला. मि-ळा-ला. मग त्याने चष्मा काढला.

"मी ते काठी कन्हानात टाकली होती. तू घरात घेऊन आला."

माझी आई चुलीपाशी होती. तीही उठून आली आणि बघत राहिली.

"आन हे पायात चपला काहून?" बा म्हणाला. "वेसकराच्या पायात चपला नसे. पाटलाच्या दारापुढून जाताना जोडा हातात घ्या लागे. असा चपला घालून दिसलो असतो तं टाळकं फोडलं असतं माहं." तो थोडा वेळ त्या पायांकडे बघत होता. "तुले हे मालूम नाई, हे मात्र बरं झालं."

प्रूफ त्याने मला परत दिलं. फाडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मला माझीच किळस आली.

सकाळी प्रेसमध्ये गेलो. मनात काही ठरलेलं नव्हतं, हे खरं सांगतो. प्रोफेसर दुसरं प्रूफ भिंगातून तपासत होते. राजांवर खूश होते. मग वेठीच्या पानावर त्यांनी लाल पेन्सिलीने गोल केला.

"एवढी एक दुरुस्ती कर," ते म्हणाले. "चपला काढून टाक. वेसकर अनवाणी असे. ही ऐतिहासिक चूक आहे."

म्हणजे यांना माहीत होतं. बाच्या पायांत काय होतं, हातात काय होतं, कुणाच्या दारापुढे वाकायचं होतं, सगळं पुस्तकातून पाठ होतं. तरीही त्यांनी त्याचं पान करून खेळणाऱ्याची दोन घरं पुढे जायची सोय केली होती. बाने जे मला कालपर्यंत सांगितलं नव्हतं, ते यांच्या पेन्सिलीच्या टोकावर होतं.

"चपला निघणार नाहीत," मी म्हणालो.

"काय?" मालकांनी मान वर केली.

मी दगडापाशी गेलो. बादलीतलं पाणी ओतलं, वाळू टाकली, घासायचा दुसरा दगड घेतला आणि गोल गोल फिरवायला लागलो. पहिला राजा गेला. दुसऱ्याची तलवार गेली, मग मिशी. तिसरा गेला. वेठीचं पान शेवटी ठेवलं होतं. ते जास्त वेळ घासलं.

मालक धावत आले. माझा हात धरायला त्यांचा हात पुढे आला आणि मधेच थांबला. शिवायचं कसं, हा प्रश्न त्यांना तेव्हासुद्धा पडला. तेवढ्यात माझं काम झालं.

"तुझं नाव छापणार होतो बे मी," ते ओरडले. "डब्यावर."

मी हात धुतले. माठ उघडला, स्वतः ग्लास बुडवला, पाणी प्यायलो. मशीनमन बघत राहिला. मग मी त्यांचं दुसरं पान त्यांनाच वाचून दाखवलं.

"वेसकर पळाला. एक घर मागे या."

आरसा माझा होता. तो काखेत घेतला आणि निघालो.

त्यानंतर मी सिनेमाची पोस्टरं रंगवली, ट्रकच्या पाट्या रंगवल्या, कळमन्याच्या धान्यबाजारात पोत्यांवर शिक्के मारले. डब्यावर नाव कधी आलं नाही. त्याचं दुःख आहे, नाही म्हणत नाही. 'चक्रवर्ती'ची वाढीव आवृत्ती मालकांनी दुसऱ्या कुणाकडून काढून घेतली, ती मी दुकानात पाहिली. त्यात वेसकर आहे. अनवाणी आहे.

असू दे. तो माझ्या हातचा नाही. माझ्या हातून वाकलेला माणूस आता निघणार नाही, उपाशी मेलो तरी नाही. तो ताठ उभा राहील आणि चपला घालून उभा राहील. तुमच्या दारापुढे.