संत्र्याची साल आणि माझी अक्कल

आईचा एकुलता एक धंदा मी बुडवला. हत्यार म्हणून रंगाचा ब्रश वापरला. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो (दुसऱ्यांदा!). नागपुरातल्या महाल भागात आमच्या गच्चीवर आई संत्र्याच्या साली वाळवायची, रिठे न् चुलीची राख घालून कुटायची. त्या पावडरीनं घासलेल्या परातीत बघून बाबा दाढी करायचे! महिला मंडळानं तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवात पुडे मांडायला सांगितलं. पसंत पडले, तर मंडळाच्या दुकानात कायमची जागा. आईचे पाय आठ दिवस जमिनीला लागले नाहीत.

लेबलं माझ्याकडे! मी पुडाभर संत्रं रंगवलं. वर लिहिलं: ‘अस्सल नागपुरी! निसर्गाची देणगी! रसायन नाही! खाल्लं तरी बाधा नाही!’

आईला वाचता जेमतेम यायचं. “काहून रे, एवढं मोठं संत्रं? भांडे घासाचं हाय म्हून कुठी लिवलं?”

“हाय ना, खाली.” (होतं. मुंगीला वाचता येईल एवढं.)

“आन् खाल्लं तरी कायले? भांड्याची पावडर कोन खाते?”

“जाहिरात हाय वं माय!”

अध्यक्षीणबाईंनी खाल्ली नाही. प्यायल्या! सरबत समजून, साखर घालून, ग्लासभर! मग भाषणाला उभ्या राहिल्या. “भगिनींनो” म्हणताच पहिला बुडबुडा. ‘स्वदेशी’पर्यंत हनुवटीवर फेस!

“अवं, बाईले मिरगी आली! चप्पल हुंगवा!” मागून कुणीतरी ओरडलं.

बाईंना काही झालं नाही. (लेबल खोटं नव्हतंच!) फेस पुसून त्यांनी पुडा उचलला. “हे लिहिलं कुणी?”

पुडे वाहायला सोबत आलेला मी भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत होतो.

“म्याच सांगतलं होतं, बाई,” आई म्हणाली. आणि पुडे पिशवीत भरायला लागली.

वाटेत ती एवढंच बोलली, “संत्रं मात्र झ्याक काढलं होतं रे.” त्यानंतर साली गच्चीवर चढल्या नाहीत.

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा बायकोनं भांडी घासायला हिरव्या पानाच्या चित्राची बाटली आणली. ‘निसर्गस्नेही! संत्र्याच्या अर्काची!’ झाकण उघडून मी कितीतरी वेळ हुंगत बसलो. गच्चीचा वास काही येईना.

“अवो, पिऊन राहिले का काय?” बायको किंचाळली.

चष्मा लावून लेबल वाचलं. मागं लिहिलं होतं: ‘पिऊ नये.’ एवढे दोन शब्द लिहायला त्यांना शहाणा माणूस मिळाला.

आईला मी मिळालो!