फटफटीबाईंची फेरी

दवाखान्यात तिला सगळे फटफटीबाई म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. घरोघरी जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे तिचं काम. सव्वीस वर्षं तिनं ते एकाच टू-स्ट्रोक मोटारसायकलवरून केलं. निळा धूर सोडत ती गल्लीत शिरली की आजाऱ्याची माणसं आवाजावरूनच पाणी उकळायला ठेवायची.

त्या वर्षी गाडीनं दगा द्यायला सुरुवात केली. सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची, दहा मिनिटं शहाण्यासारखी पळायची आणि मग चढ असो की उतार, गुदमरून बंद. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. खाणीपलीकडे एक म्हातारा सुतार एकटा राहायचा. साखरेच्या आजारानं त्याच्या पायाला जखम झाली होती, पट्टी दिवसाआड बदलावी लागे. दोन आठवड्यांत तीनदा ती हुकली आणि जखमेला वास यायला लागला.

मिस्त्रीकडे खेपा घालून झाल्या. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला आणि शेवटी चार गिऱ्हाइकांदेखत हात पुसत म्हणाला, "बाई, इंजिन बसलंय. भंगारात घाला. आणि खरं सांगू का, या वयात बाईमाणसानं फटफटी हाकायचीच कशाला?"

गिऱ्हाइकं हसली.

"मी गाडीचा आजार विचारायला आले होते," ती म्हणाली. "तो कळला नाही म्हणालात तरी चाललं असतं. माझं वय कशाला मध्ये आणता?" आणि गाडी ढकलत घरी निघाली.

गोष्ट मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेलीच. "एक तारखेपासून तुम्ही नोंदणीच्या टेबलावर बसा," ते म्हणाले. "लांबचे पेशंट इथं येतील."

"सुतार कसा येईल? त्याला पाय टेकवत नाही."

"आणतील त्याची माणसं."

"त्याला माणसं नाहीत."

डॉक्टरांनी पुढचा कागद ओढला.

रविवारी तिनं पदर खोचला आणि गाडी अंगणात घेतली. धाकटी बहीण तिच्यासोबतच राहायची, शिवणकाम करायची. ती मशीन सोडून दारात आली. "ताई, तुला गाडीतलं काय कळतं गं?"

"गाडीतलं नाही कळत. आजारी माणूस तपासायचं कळतं. आधी हिला आजारी तर पडू दे."

गल्लीत फेऱ्या मारून तिनं गाडी बंद पाडली. लगेच, गरम असतानाच, प्लग काढला, इंजिनला टेकवून धरला आणि बहिणीला किक मारायला लावली. निळी, कडक ठिणगी उडाली. "नाडी ठीक आहे." मग प्लगचं टोक बोटानं चाचपलं. कोरडं ठणठणीत. "हिला उपाशी ठेवलंय कुणीतरी."

पेट्रोलची नळी कार्बोरेटरमधून काढून तिनं बाटलीत सोडली. चार थेंब पडले, पाचवा टोकाला लोंबत राहिला.

बहिणीनं टाकी हलवली. "अगं, भरलीय की. डुचमळतंय आत."

तो लोंबता थेंब बघत ती उकिडवी बसून राहिली. असा थेंब तिनं पाहिलेला होता. पूर्वी सलाइन काचेच्या बाटलीतून द्यायचे. बाटलीला हवेची दुसरी सुई टोचायची राहिली की सलाइन भरलेलं असूनही थेंब असेच थांबायचे.

"झाकण उघड टाकीचं."

बहिणीनं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत गेली आणि नळीतून पेट्रोलची धार लागली.

झाकणाच्या आत जुन्या ट्यूबचा जाड रबरी वायसर होता. महिन्यापूर्वी पेट्रोल झिरपतं म्हणून मिस्त्रीनंच तो कापून बसवला होता. हवेचं बारीक भोक त्याखाली बुजून गेलं होतं. बहिणीनं शिवणाच्या टोच्यानं रबराला भोक पाडलं. त्यानंतर गाडी पाऊण तास अंगणात धडधडत राहिली.

"बंद कर आता, शेजारी खोकताहेत."

"खोकू देत. महिनाभर हसत होते ना?"

सोमवारी ती आधी सुताराकडे गेली. जखम बघून तिचं तोंड उतरलं. पुढं पायाची दोन बोटं गेली, पाय वाचला. त्या हुकलेल्या तीन पट्ट्यांसाठी तिनं ना मिस्त्रीला माफ केलं, ना स्वतःला.

परतताना तिनं पातळ वायसर विकत घेऊन बसवला आणि जुना मिस्त्रीच्या बाकावर ठेवला. गाडी दाराशी चालूच होती. "तुमचा आहे. भोक पाडायचं राहिलं होतं."

मिस्त्रीनं तो उलटसुलट केला. "होतं असं कधी कधी."

"होतं ना. मग माणसाचं वय काढू नये."

डॉक्टर मात्र अडून बसले. "हुकूम निघालाय, बाई."

"मग त्यावर कारण लिहा. गाडी बंद पडते असं लिहू नका, ती पडत नाही. माझं वय झालं असेल तर तसं लिहा. मी सही करते आणि तो कागद घेऊन वरच्या ऑफिसात जाते."

डॉक्टरांनी पेन उघडलं. मग ते मिटलं आणि कागद खणात सारला. तो पुन्हा बाहेर आला नाही.

सहा वर्षांनी ती निवृत्त झाली. तिच्या जागी नवा माणूस आला, त्याला नवी स्कूटर मिळाली. फटफटीबाई खाणीपलीकडे जातच राहिली. आता तिला नको म्हणायचा हक्क कुणालाच नव्हता.