विमानतळाच्या वाटेवरचा म्हसोबा

विमानतळ होणार ही बातमी आमच्या गावात आली, तेव्हा विहिरींच्या तळाला बेडूकसुद्धा उरले नव्हते. पण मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, अंगात वारं शिरलं.

"मुंबईची माणसं इमानानं येणार," ते ओसरीत हात पसरून म्हणाले. "इथं उतरणार, तुळजापूरला जाणार. आन् उतरल्या उतरल्या माणसाला काय लागतं?"

"मोरी," सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या.

"भजी!" मामंजी गरजले.

त्या भज्यांसाठी त्यांनी साखर कारखान्याचा शेअर विकला, दुभती म्हैस विकली आणि विमानतळाच्या रस्त्याला लागून तीन एकर मुरमाड घेतलं. मी नवी सून, मला कोण विचारणार? विचारलं असतं तर म्हैस ठेवा म्हणाले असते. रान ऐसपैस होतं, पण रस्त्याकडं त्याचं तोंड एवढुसं: एका बैलगाडीपुरती बोळ. बोळीच्या एका अंगाला सरकारी चर, दुसऱ्या अंगाला चुलत सासऱ्यांचं रान आणि त्या बांधावर म्हसोबा.

बांधावरच्या म्हसोबाला आमच्याकडं कुणी हलवत नाही. त्याला चाक, नांगर, कुदळ लागू द्यायची नाही. देवाचं अंग संपलं की तिथून माणसाचं रान. चुलत सासरे सोसायटीचे चेअरमन. त्या तीन एकरांवर त्यांचाही डोळा होता, फक्त भाव फुकटाचा हवा होता. बोळ बंद झाली की जमीन आपसूक त्यांच्या ओटीत पडणार होती. म्हणून त्यांना एकाएकी भक्ती सुचली. दर अमावस्येला तेलात कालवलेला शेंदूर आणायचे आणि पहाटे एकटेच देवाला माखायचे. पाच अमावस्यांत नारळाएवढा म्हसोबा रांजणाएवढा झाला, आणि फुगला तो नेमका आमच्याच अंगानं.

"दादा, देव जागृत हाय," ते मामंजींना म्हणाले. "वाढतोय."

"व्हय, तुझ्या पोटावानी," मामंजी म्हणाले.

आम्ही दोन्ही घरच्या बाया तेव्हा रोजगार हमीवर, त्याच रस्त्याची खडी फोडत होतो. एका दुपारी मामंजी हॉटेलाच्या जोत्याचे दगड भरून गाडी घेऊन आले. गाडीचा आख देवाला घासणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. गाडीवानानं कान धरले आणि खाली उडी मारली. मामंजींनी कासरा हातात घेतला. चुलत सासरे देवापुढं आडवे उभे राहिले.

"देवाला आख लावतो का, दादा? निर्वंश व्हईल तुझा!"

"तू बाजूला सर, न्हायतर आधी तुझा व्हईल!"

चुलत सासऱ्यांनी जुवाची शिवळ उपसली आणि तो दांडका मामंजींच्या तोंडावर हाणला. दोन दात आणि रक्ताची गुळणी एकदमच बाहेर पडली. मामंजी गाडीवरून उडाले ते थेट त्यांच्या छातीवर. मग काय विचारता! चुलत सासऱ्यांच्या बाजूचे दोन पुतणे धावले. माझ्या नवऱ्यानं एकाला चरात लोटलं. त्याचं मनगट मोडलं तो आवाज मी ऐकला, वाळली तुराटी मोडावी तसा. दुसऱ्यानं माझ्या नवऱ्याचं डोकं फोडलं. खडीचे ढीग तर तयारच होते, आम्हीच सकाळपासून एका मापात फोडून ठेवलेले. दगडफेकीची इतकी उत्तम सोय मी पुन्हा कुठं पाहिली नाही. मुकादम गाडीखाली शिरून ओरडत होता, "माझी खडी! माझी खडी!"

तेवढ्यात चुलत सासरे मामंजींच्या उरावर बसले. डोकं देवाला टेकवून गळा दाबला. मामंजींचं तोंड वांग्यासारखं झालं. मी पदर दातात धरला, हातोडा उचलला आणि, खोटं कशाला सांगू, मला मजा आली. चुलत सासऱ्यांच्या खांद्याचा नेम धरून घाव घातला. ते वाकले. हातोडा म्हसोबावर.

खाड्!

शेंदराची खपली परातीएवढी निघून पडली. सगळे हात जागच्या जागी थांबले. देवावर घाव घातलेली नवी नवरी! मग धूळ बसली आणि आत दिसलं ते सोसायटीच्या खताचं पोतं, माती-चुन्यानं ठासून भरलेलं. खरा म्हसोबा त्याच्या मागं हातभर अंतरावर, नारळाएवढाच, मुकाट बसला होता.

चुलत सासूबाई पाटी घेऊन पुढं आल्या.

"पाच आवसा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाच आवसा उपाशीपोटी म्या ह्या पोत्याला दंडवत घातलं?"

लोखंडी पाटीच्या पहिल्या दणक्याला नवऱ्याचा पटका उडाला, दुसऱ्याला भुवई फाटली.

"अगं, लोकं बघत्यात!"

"बघू द्या! तुमचा देव बघितला, आता तुमची पूजा बघू द्या!"

तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येक अमावस्येचा एक. आम्ही कुणी मध्ये पडलो नाही. हात शाबूत असलेल्या पुतण्यानं पोतं ओढून काढलं, आणि मामंजींनी लाल थुंकत, बैलांना शिव्या देत गाडी बोळीतून आत घातली. आख आणि देव यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली.

भज्यांचं हॉटेल झालं. विमानातलं गिऱ्हाईक काही आलं नाही. विमानतळ बघायला येणारं आलं, आणि मारामारीची जागा बघायला त्याहून जास्त.

पण उघड्या पडलेल्या देवाला शेंदूर कुणी लावायचा? दोन्ही घरांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. पंचांनी ठरवलं, दोन्हीकडची एकेक बाई, एकाच वाटीतून. चुलत सासूबाई आणि मी समोरासमोर बसलो. आमच्या अंगाला त्यांचं बोट जरा जास्त रेंगाळलं. मी पदर सावरला, "धाकल्या आत्याबाई" असं अदबीनं म्हणाले, आणि त्यांचं मनगट असं पिरगाळलं की तीन बांगड्या फुटल्या. त्यांनी माझ्या पोटरीत लाथ घातली. शेंदूर मात्र दोन्ही अंगांना सारखा लागला.