जवळा वाळू देऊ नये

आठल्ये साहेब गेल्याची बातमी आली तेव्हा मी शिडीवर होतो. पालघरात एका डेअरीच्या पाटीवर 'दूध' रंगवत होतो. शेजारच्या औषधाच्या दुकानातून हाक आली, पेंटर, मिरजेहून फोन आहे. मिरजेहून मला फोन करणारं एकच घर. रंगाचे हात तसेच पुसत गेलो, तर पलीकडे साहेबांचा मुलगा. "काका, बाबा गेले... झोपेतच." मी "बरं" म्हणालो. परत शिडीवर चढलो आणि काम पुरं केलं. डेअरीवाल्याने खालून दाखवलं तेव्हा कळलं, मी दुधातला ध दोनदा काढला होता. साहेब असते तर म्हणाले असते, "पेंटर, दूध जरा दाट झालंय."

याला आता दीड महिना होईल. साहेब काही पेपरात नाव येणाऱ्यातले नव्हते. सरकारी नोकरी केली, निवृत्त झाले, मिरजेला जाऊन राहिले. पण साठच्या दशकात आमच्या किनाऱ्यावरचा सुकवलेला जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, पहिल्यांदा बोटीत चढून थेट कोलंबोला गेला, तो या माणसामुळे. आणि त्या कामात माझ्या हातून झालेल्या एका चुकीचा शेरा त्यांच्या नावावर लागला, त्यांची बढती अडली, आणि मी गप्प बसलो. नंतर इतक्या भेटी झाल्या. दर भेटीला आज सांगायचंच असं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

तर साहेब आले तेव्हापासून सांगतो. पालघर आमचं ठाणे जिल्ह्यात. शेतीमाल आणि मासळीची प्रत ठरवून द्यायची, म्हणजे बाहेरच्या बाजारात माल अडणार नाही, असं एक छोटं कार्यालय स्टेशनजवळ उघडलं. दोन खोल्या, एक कारकून, एक शिपाई आणि साहेब. कार्यालयाची पाटी मीच रंगवली, तिथून आमची ओळख. साहेबांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता, आणि मासळी तर ताटातही नाही. असा माणूस जवळ्याची प्रत ठरवायला सरकारने कुठून शोधून काढला याचं आम्हाला फार नवल वाटायचं. साहेबांना त्याहून जास्त वाटायचं.

जवळ्यात वाळू असायची. किनाऱ्यावर जमिनीवरच सुकत घालायचे, मग ती यायचीच. पालघरचा वखारवाला शेट गोणीमागे वाळूचं म्हणून ठरावीक वजन कापायचा, माल कसाही असो. बायका म्हणायच्या, कापणारच आहे तर वाळू घातलेली बरी. शेट म्हणायचा, घालतातच तर कापलेलं बरं. दोघांचंही चुकत नव्हतं आणि त्यामुळे वाळू वर्षानुवर्षं सुखाने मुंबईपर्यंत प्रवास करत होती. पुढे बंदरावर तिसराच कोणी भिंग लावून बघायचा आणि माल मागे पाठवायचा. साहेबांनी ठरवलं, तिघांनी एकच परीक्षा मान्य करायची. पाण्याने भरलेला काचेचा गिलास. त्यात मूठभर जवळा टाकायचा, ढवळायचा, थांबायचं. तळाशी काही बसलं नाही तर शेटने वजन कापायचं नाही आणि बंदरावर कोणी गोणी उचकायची नाही. एवढी साधी गोष्ट तिघांच्या गळी उतरवायला साहेबांना पावणेदोन वर्षं लागली.

पहिल्या खेपेला तर त्यांना कोणी भेटलंच नाही. शिरगावला एसटीतून उतरले, खांद्याला पिशवी, पिशवीत गिलास, आणि पहिल्याच घरी विचारलं, "पाणी मिळेल का? गिलास माझ्याकडे आहे." दारूबंदीचे दिवस. स्वतःचा गिलास घेऊन फिरणारा सरकारी माणूस म्हणजे काय, हे गावाने लगेच ओळखलं. घटकाभरात सगळ्या आळ्या ओस पडल्या, कुणाच्या माडाखाली काय पुरलं गेलं ते देव जाणे. साहेब किनाऱ्यावर एकटेच गिलास धरून उभे. मला संध्याकाळी म्हणाले, "फार लाजरी माणसं आहेत हो." मी खरं कारण सांगितलं तेव्हा इतके हसले की खुर्चीवरून उठून भिंतीला टेकले. पुढे बरीच वर्षं आसपासच्या गावांत त्यांना 'गिलासवालं सायेब' हेच नाव होतं.

शिरगावात बायकांचं पुढारपण हिराबायकडे होतं. तेव्हा पस्तिशीची असेल. आवाज असा की बंदरावर बोलली तर होडीवरचे गप्प व्हायचे. साहेबांचं म्हणणं होतं की जमिनीपासून वर, बांबूंवर जाळी ताणून जवळा सुकवा. हिराबाय म्हणायची, बांबू तुमचं, जाळं आमचं नि फायदा शेटचा. शेट वजन कापायचं सोडणार नाही, यावर तिचा पूर्ण विश्वास होता. साहेबांवर नव्हता. ती हो म्हणाली की गाव हो म्हणणार आणि ती नाही म्हणाली की कार्यालयाला कुलूप लागणार, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. वरून तशी तंबीच आली होती. या हंगामात एक तरी खेप बोटीत चढली पाहिजे, नाहीतर गाशा गुंडाळा.

त्या धावपळीत साहेबांनी मला एक फलक रंगवायला दिला. शिरगावच्या बंदरावर लावायचा होता. कागदावर त्यांच्या सुबक अक्षरात एकच ओळ होती, 'जवळ्यातून वाळू देऊ नये.' आता माझी तेव्हाची परिस्थिती सांगितली पाहिजे. बोईसर-तारापूरकडे बांधकामं निघाली होती आणि एका ठेकेदाराने मला धोक्याच्या पाट्या घाऊक काढायला दिल्या होत्या. रोज त्याचा माणूस येऊन उभा राहायचा, "पेंटरबाबू, जल्दी करो." दिवसभर लाल रंगात 'खतरा' काढून काढून माझं डोकं फिरलेलं. त्यात सरकारी पत्रा आखूड. मला अक्षर मोठं काढायची हौस. मांडून बघितलं तर ओळ काही मावेना. मग मी 'जवळ्यातून'चं 'जवळा' केलं. छान मावलं. माझ्या डोक्यात वाळू म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, ती देऊ नये, अर्थ तोच. वर कडेला वेलबुट्टीही काढली. आणि साहेबांच्या शिपायाने तो फलक न वाचताच बंदरावर ठोकला.

'जवळा वाळू देऊ नये.'

तिसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या कार्यालयातली खिडकी रंगवत होतो. आत ठाण्याचे मोठे साहेब तपासणीला आलेले. आठल्ये साहेब त्यांना गिलासाचं महत्त्व समजावून सांगत होते. इतक्यात दारातून आधी वास आला आणि मग हिराबाय. शिरगावहून एसटीने आली होती, डोक्यावर पाटी, पाटीत ओला जवळा. कालच्या उकाड्यात सावलीला ठेवलेला, म्हणजे विचार करा. एसटीच्या कंडक्टरने तिला निम्म्या वाटेत उतरवायचा प्रयत्न केला होता म्हणे, पण बाकीचे प्रवासीच आधी उतरले. तिने पाटी थेट टेबलावर, तपासणीच्या फायलींवर ठेवली.

"सायेब, तुमी बोर्ड लावलाय जवळा वाळू देऊ नका. आमी नाय वाळवला. घ्या."

मोठ्या साहेबांनी रुमाल नाकाला लावला. आठल्ये साहेबांना काही कळेना. हिराबायने फलकही सोबत आणला होता, पदराखालून काढून पाटीशेजारी उभा केला. साहेबांनी वाचला. मग माझ्याकडे नाही, खिडकीबाहेर बघितलं. मी हातात ब्रश धरून उभा. तोवर मोठे साहेब रुमालातून गरजले की हा मजकूर कुणी दिला, सरकार लोकांना ओला माल पाठवायला सांगतंय का, वखारवाल्यांची तक्रार गेली तर वर काय उत्तर द्यायचं.

"मजकूर माझा," साहेब म्हणाले. "चूक माझी आहे."

माझ्या ब्रशमधून हिरवा रंग बुटावर टपकत होता, आणि मी तो बघत राहिलो. आताही लिहिताना लाज वाटते... एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. मोठ्या साहेबांनी तिथेच शेरा लिहिला आणि पहिल्याच गाडीने ठाण्याला परतले, जेवायलाही थांबले नाहीत. साहेबांची बढती त्या साली व्हायची होती ती पुढे कितीतरी वर्षं झाली नाही. हिराबायला एसटी स्टँडवर सोडायला साहेब स्वतः गेले. रिकामी पाटी त्यांनीच धरली होती. तिच्यातला जवळा कारकुनाने कुठे नेऊन पुरला ते त्याने कधी सांगितलं नाही, पण कार्यालयाच्या मागचा पपईचं रोप त्या वर्षी कौलांपर्यंत गेलं.

आणि आश्चर्य म्हणजे चार दिवसांत शिरगावच्या किनाऱ्यावर बांबू उभे राहिले. हिराबाय हो म्हणाली होती. मी त्याचा अर्थ माझ्या परीने लावला. आजवर 'चूक माझी' म्हणणारा साहेब तिने पाहिला नव्हता, म्हणून विरघळली असेल. म्हणजे माझ्या चुकीने भलंच झालं की, असं मी मनाला समजावलं आणि ते समजावणं मला फार वर्षं पुरलं.

पहिल्या खेपेची परीक्षा शेटच्या वखारीत झाली. शेट, हिराबाय, मुंबईच्या बंदरावरून आलेला माणूस आणि मध्ये स्टुलावर गिलास. पहिली गोणी, पाणी स्वच्छ. दुसरी, स्वच्छ. तिसऱ्या गोणीला तळाशी काहीतरी चमकलं. शेट खुशीत आला, म्हणाला, बघा वाळू. हिराबायचा चेहरा उतरला. वजन कापलं गेलं असतं तर तिने गावाला काय सांगायचं होतं? साहेबांनी बाही सारून दोन बोटं गिलासात घातली, जन्मात पहिल्यांदा ओल्या जवळ्याला हात लावला आणि ते चमकणारं बाहेर काढलं. हिराबायच्या नणंदेची चमकी होती, नाकातली, आठ दिवसांपासून हरवलेली. दोन घरांत त्यावरून बोलणं बंद होतं. साहेबांनी ती हिराबायच्या तळहातावर ठेवली, हात धुतले आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'वाळू निरंक. सोने एक नग, मालकास परत.' बंदरावरच्या माणसाने हसत सही केली. शेटने वजन कापलं नाही. पुढे केळवे, सातपाटी, डहाणूपर्यंत तोच गिलास चालला, आणि गोणीवरची साहेबांची मोहोर बघून माल पुढे सुटू लागला.

साहेबांची बदली झाली तेव्हा मी सांगणार होतो. स्टेशनवर गेलो. ते म्हणाले, "पेंटर, चहा घेऊ." मिरजेला दोनदा गेलो, तिथेही विषय काढला की ते रंगांच्या किमती विचारायचे. मला वाटायचं, यांना बिचाऱ्यांना आपल्याच हातून चुकलं असं वाटतं आणि ते आठवायला नको असेल. कागदावर आपण बरोबर लिहिलं होतं हे माणूस विसरतो का? पण सोयीचं असलं की काहीही पटतं.

गेल्या आठवड्यात शिरगावला गेलो, हिराबायला बातमी द्यायला. आता थकली आहे, डोळ्याला कमी दिसतं. अंगणात जाळीवर जवळा पसरलेला, जमिनीपासून कमरेइतका वर, आणि ती शेजारी बसून हाताने चाचपत होती. साहेब गेल्याचं सांगितल्यावर तिचा हात जाळीवर थांबला. मग मी सांगून टाकलं. की तो फलक मी चुकवला होता, साहेबांनी नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली. "ष्ट्यांडावर मीच इचारलं तेंना, एवढं शिकलेलं तुमी, असं कसं लिवलं? तवा बोलले, हिराबाय, मी नाय लिवलं. पन पेंटरचं नाव झालं तर त्याला परत बोर्ड कोन देल? माजा पगार पैल्या तारखेला येतोच. तू कुनाला बोलू नको, त्यालाबी नको. लाजंल."

माझ्या दुकानात त्यानंतर आलेली प्रत्येक पाटी डोळ्यांपुढून जात होती.

"तवाच मी बांबूला हो बोलले," ती म्हणाली. "जो पेंटरचं पोट राखतोय तो आमचंबी राखंल."

मी तिथेच जाळीशेजारी बसून रडलो. तिने रडू दिलं. मग म्हणाली, आता मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं तो गेला. मी म्हटलं, लिहून पेपरात देतो, सगळ्यांना कळू दे. तिने जवळ्याची मूठ उचलली, सुकला का ते बघायला कानाशी नेऊन चुरली आणि परत जाळीवर टाकली.

"लिव," ती म्हणाली. "पन या टायमाला पुरतं लिव. मावत नाय म्हनून शब्द खाऊ नको."