मंगलाचा हौद

आज नळाला गढूळ पाणी आलं. हंड्यात फिरवायला तुरटीचा खडा हातात घेतला आणि मंगलाच्या हौदाची ती गोष्ट आठवली.

मंगला माझी धाकटी जाऊ. इथेच, आमच्या रनाळ्याच्या घरी परसात हौद बांधून तिने रंगीत कोई मासे पाळले होते. पाणी बदलायचं, गाळणीचा बुळबुळीत स्पंज धुवायचा, सगळं तीच करायची. तिच्या बांगड्या वाजल्या की मासे काठाशी गोळा व्हायचे. मी गेले तर ढुंकूनही बघायचे नाहीत. पाहुणे आधी तिचा हौद बघायचे, मग माझ्या हातचा गार झालेला चहा प्यायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मासेवाल्याचा फोन मी घेतला. "पाणी गढूळ झालं तरी तुरटी टाकू नका, मासे मरतील," त्याने बजावलं. तो निरोप मी तिला दिलाच नाही.

पुढे अवकाळी पावसाने हौद गढूळ झाला. मी ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. हंड्यात फिरवतो तशीच मंगलाने हौदात तुरटी फिरवली. मी बघत राहिले. दुपारपर्यंत पाणी नितळ झालं, आणि तिच्या हातून खाणारा केशरी मासा उलटा तरंगत वर आला.

"माले कोनीच सांगं नही वं, ताई," म्हणत ती माझ्याच गळ्यात पडली. मिरचीच्या हातांनी मी तिची पाठ थोपटली.

आता ती सुरतेला लेकाकडे असते, हौद मी सांभाळते. पाऊस झाला की तिचा फोन येतो, "ताई, हौदमा तुरटी नको टाकजो हं."

दर वेळी मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हो म्हणते.