आठ थेंब

"भाऊसाहेब, सतरा गुणिले तेवीस किती?"

डाव्या हाताच्या चिमटीत माझा दंड धरून कंपौंडर हे विचारायचे. मी कचेरीत वसुलीच्या तक्त्यांवर बसणारा माणूस. आकडा कानावर पडला की तो सोडवल्याशिवाय मला राहवत नाही. सतराची वीसपट तीनशे चाळीस, सतरा त्रिक एक्कावन्न, आता मिळवणी करायची, तोवर स्पिरिटचा बोळा दंडावर फिरत असायचा. "झालं. मुंगी चावली म्हना." सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते मला कळलेलं नसायचं. उत्तर त्यांनी कधी विचारलं नाही.

प्रत्येकासाठी त्यांच्याकडे वेगळा प्रश्न असे. शेतकऱ्याला विचारायचे, औंदा कोलम लावलाय का दुसरं काय. बाईला विचारायचे, माहेरच्या वाटेवर नदी लागते का. पोराला विचारायचे, "तुज्या मास्तरला मिशी हाय का रं?" पोर मास्तरांचं तोंड आठवायला लागलं की यांचं काम झालेलं असे. तुमच्याही गावात असा एखादा हात असेल. अशा हाताची माणसं आठवण ठेवतात, कारण सुईला सगळेच भितात, फक्त कबूल कोणी करत नाही.

खालापूरला एसटी थांब्याच्या मागे दवाखाना होता. डॉक्टर खोपोलीहून सकाळच्या गाडीने यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने जायचे. बाकी दवाखाना कंपौंडरांचा. मिक्श्चरच्या बाटल्यांना कागदाच्या खुणा चिकटवणं, सुया उकळणं, आणि दुपारी सायकलवरून कुंभिवलीपर्यंत जाऊन ज्यांना येववत नाही त्यांना घरी टोचून येणं. मूळचे ते पोशीरचे. भावाकडे भातशेती होती, हे शिकून इकडे आले. आमच्या आळीत माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहायचे. मी नमस्कार केला की ते "जय भीम, भाऊसाहेब" म्हणून हसायचे आणि सायकलची घंटी एकदा वाजवायचे.

मला साखर निघाली तेव्हा मी चाळिशी नुकती ओलांडली होती. त्यांची माझ्याआधी वर्षभर निघालेली होती. ती त्यांच्या बायकोने शोधली. न्हाणीघरात मुंग्यांची रांग लागायला लागली तेव्हा तिने आधी भिंत लिंपली, मग राख टाकली, आणि शेवटी नवऱ्याला म्हणाली, "आवो, ह्या मुंग्या भिंतीच्या नायत. तुमच्या हायत."

हे ते हसत सांगायचे. पण मला सांगताना त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं अर्धं ठेवलं.

तेव्हापासून आम्ही दोघं गोळ्यांचे सोबती झालो. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांची गाडी गेली की दवाखान्यात आमची तपासणी चाले. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी, आणि सगळ्यात शेवटी विटकरी तांबडं. दोन नळ्या, एक माझी, एक त्यांची. औषध उकळायला लागलं की मी श्वास धरून बसायचो. कचेरीत तहसीलदार आले तरी मी इतका ताठ बसत नसे. एकदा माझी पिवळी झाली तर मी आठवडाभर भात सोडला आणि बायकोशी बोलणंही जवळजवळ सोडलं.

माझी भीती एकाच गोष्टीची होती. गोळ्या पुरेनाशा झाल्या की सुई. इन्शुलिनची, रोजची, मरेपर्यंतची. आणि आमच्या भागात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की ही सुई लागली म्हणजे दिवस भरले. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. पाहून पाहून कळलं होतं.

कंपौंडरांच्या नळ्या नेहमी हिरव्या येत. "बघा, गोळी बस हाय आपल्याला," ते म्हणायचे. मला त्याचा मोठा आधार वाटे. माणूस रोगात माझ्या वर्षभर पुढे आहे आणि तरी हिरवा आहे. म्हणजे मलाही निदान वर्षभर भ्यायचं कारण नाही, असा माझा हिशेब.

एका दुपारी ते कुंभिवलीहून परतताना माझ्या ओटीवर टेकले. पाणी मागितलं. पायातली चप्पल काढायला गेले तर डाव्या पायाची निघेना. त्यांनी टाच हलवली, अंगठ्याने ओढली.

"पट्टा आवळला वाटतं," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. तळाला खिळ्याचं डोकं दिसत होतं. हमरस्त्यावर ट्रकच्या फळ्यांमधून पडतात तसला मोठा खिळा. तो चपलेतून थेट पायात गेला होता आणि चप्पल पायाला ठोकली गेली होती. ते कुंभिवलीपासून सायकल मारत आले होते.

"कंपौंडर," मी म्हणालो, "तुम्हाला दुखत नाही?"

त्यांनी पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ज्या माणसाने तालुक्याच्या दुखण्याचा अंदाज बोटांनी घेतला, त्याला साखरेने बधिर झालेल्या स्वतःच्या पायातला खिळा कळला नव्हता. "कुठं?" एवढंच ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी तसा कधी पाहिला नव्हता.

जखम भरेना. डॉक्टरांनी तिसऱ्या की चौथ्या पट्टीला सांगितलं, "गोळ्या बंद. उद्यापासून इन्शुलिन." कंपौंडर म्हणाले, "साहेब, एक गोळी वाढवा. नळी हिरवी येती हो." डॉक्टर पायाकडे बघत म्हणाले, "नळी हिरवी आणि पाय असा? मला समजत नाही." त्यांनी आठवड्याची मुदत दिली. पाय सुधारला नाही तर पनवेलला मोठ्या दवाखान्यात, आणि तिथे मग बोटं कापतील की पाय, ते त्यांच्या हाती.

त्या शनिवारी मी नेहमीसारखा दवाखान्यात बसलो होतो. त्यांनी माझी नळी भरली. थेंब पडताना मी मोजतो. त्यात मुद्दाम काही नाही, जिने चढतानाही मी पायऱ्या मोजतो. आठ. मग त्यांनी स्वतःची नळी घेतली आणि जरा भिंतीकडे वळले. दिव्याच्या उजेडात मला थेंब दिसत होते. एक, दोन, तीन. त्यांनी ड्रॉपर खाली ठेवला.

"पाच राहिले," मी म्हणालो.

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि नळी दिव्यावर धरली. हळूहळू हिरवी झाली.

"कंपौंडर, आठ हवेत."

"आठ टाकले की तांबडी येती, भाऊसाहेब," ते शांतपणे म्हणाले. जणू मी भाव विचारला होता आणि त्यांनी तो सांगितला होता.

"केव्हापासून?"

"लय दिवस झाले."

बाहेर एसटीचा कंडक्टर पुण्याच्या गाडीचा पुकारा करत होता. माझा सगळा आधार त्या हिरव्या नळीवर होता आणि ती नळी तीन थेंबांची होती.

"वीटभट्टीवाले शेठ आठवतात?" ते म्हणाले. "त्यास्नी म्या टोचलं. सहा महिन्यांत गेले. चौकातले मास्तर, त्यास्नी म्याच. खोपोलीच्या वखारवाल्याची आई, तिला बी. ज्याला ज्याला ह्या हातानं ती सुई दिली, त्यातला कोन उरला ते सांगा. लोकं म्हनत्यात माजा हात हलका हाय. हाय हलका. म्हनून तर कळत नाय जाताना."

ती माणसं मलाही आठवत होती. डॉक्टर एकदा म्हणाले होते ते मी त्यांना सांगितलं, की आपले लोक सुई अगदी शेवटी घेतात, तोवर शरीर संपलेलं असतं, आणि नाव सुईचं होतं. वेळेवर घेतली तर वर्षानुवर्षं माणूस चालतो. हे बोलताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. डॉक्टरांच्या तोंडी ते पटलं होतं. माझ्या तोंडी ते वाचून दाखवल्यासारखं आलं.

"सोमवारी तुम्ही डॉक्टरांना सांगा," मी म्हणालो. "नाही तर मी सांगतो."

"सांगा की. पन एक इचारू? तुमच्या गोळ्या थकल्या, तर तुमी घ्याल ती सुई?"

मला हो म्हणायचं होतं. मी माझी नळी उचलून उजेडात धरली, परत ठेवली. ते माझ्याकडे बघत राहिले, चिमटीत दंड धरून उत्तराची वाट बघावी तसे. फरक एवढाच की या वेळी त्यांना उत्तर खरंच हवं होतं.

"घेईन," मी शेवटी म्हणालो.

"भिताय."

"भितो. पण घेईन."

त्यांनी हातातली हिरवी नळी ओतून टाकली. मग त्यांनी नवी नळी घेतली, निळं औषध भरलं आणि माझ्यासमोर, मला दिसेल असे, आठ थेंब टाकले. नळी दिव्यावर धरली. हिरवी झाली, पिवळी झाली, नारिंगीवर थांबेल असं वाटलं. थांबली नाही. आमच्या गावच्या भट्टीतल्या विटांचाच रंग. ती नळी त्यांनी धुतली नाही. बूच लावून डॉक्टरांच्या टेबलावर उभी करून ठेवली आणि दवाखान्याला कुलूप लावलं. कुलूप लागायला बराच वेळ लागला, कारण किल्ली भोकात जात नव्हती.

सोमवारी डॉक्टरांनी ती नळी पाहिली आणि ते रागावले नाहीत. इन्शुलिनची बाटली मागवली.

पुढची अडचण कोणाला सुचली नव्हती. सुई सकाळी न्याहारीच्या आधी घ्यायची आणि डॉक्टर यायचे उशिरा. कंपौंडर स्वतः टोचून घेतील असं सगळ्यांनी धरलं होतं. पहिल्या सकाळी त्यांची बायको धावत माझ्या दारात आली. "भावजी, चला जरा. मांडीवर सुई धरून बसलेत. खाली बी ठेवत नायत न् टोचत बी नायत. मला त्या बारक्या रेघा दिसत नाय हो."

मी गेलो. मी जन्मात कोणाला टोचलं नव्हतं. रेघा मात्र मला दिसत होत्या, आणि रेघेवर औषध बरोबर घेणं हे मला जमण्यासारखं होतं. हवेचा बुडबुडा काढला. मांडीची चिमटी धरली.

"कंपौंडर, पोशीरच्या घरामागे आंबे किती?"

"चार... न् एक वडलांनी लावल्याला, त्यो धरायचा का..." ते बोलत असतानाच मी टोचलं.

"झालं," मी म्हणालो. "मुंगी चावली म्हणा."

त्यांनी डोळे उघडले. "मुंगी कसली, भाऊसाहेब. डोंगळा व्हता त्यो." त्यांची बायको दाराआड तोंडाला पदर लावून हसली, आणि मग रडली.

त्यानंतर रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी मी दोन घरं ओलांडून जायचो. फ्रीज आमच्या आळीत कोणाकडे नव्हता. बाटली एका मडक्यात, ते मडकं ओल्या वाळूच्या दुसऱ्या मोठ्या मडक्यात, असं त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरात मांडलं होतं. मडक्याला हात लावण्याआधी ती हात धुवायला लावायची. मला रोज भीती वाटायची. एकदा टोचल्यावर न्याहारीला उशीर झाला तर ते घामाने भिजले, मलाच भाऊ समजून हाका मारू लागले. तिने त्यांच्या तोंडात गूळ सारला, ते भानावर आले आणि म्हणाले, "च्या झाला का नाय अजून?" मी तिथेच भिंतीला टेकून बसलो.

पायाचं एक बोट गेलं. पाय राहिला. ते पुन्हा सायकलवर बसले. आणि नंतरची कित्येक वर्षं, ज्याला डॉक्टरांनी ही सुई सांगितली आणि जो घाबरून पळायला निघाला, त्याच्यासमोर ते धोतर वर करून मांडी दाखवायचे. "म्या काय भूत हाय का? हात लावून बघ." कोणी लावायचे, कोणी नाही. भीती त्यांचीही गेली नव्हती. रोज चिमटीत धरलेल्या मांडीचा स्नायू ताठ व्हायचा, तो मला कळायचा. तोंडाने ते आंब्यांचं बोलत असायचे.

गेले ते पोशीरला, भावाच्या घरी, दुपारी जेवून आडवे झाले असताना. हृदय थांबलं म्हणाले. त्या सकाळी मी नव्हतो. पुतण्याने टोचलं होतं, आणि तो सांगत होता की काका त्याला म्हणाले, भाऊसाहेब आंबे विचारतात, तू काय विचारणार?

यंदा माझ्या गोळ्या थकल्या. दवाखान्यात आता नवे डॉक्टर आहेत. त्यांनी इन्शुलिन म्हटलं आणि मी विरोध करीन म्हणून थांबले. मी नुसतं बरं म्हणालो. त्याच संध्याकाळी कंपौंडरांची बायको, आता वाकून चालणारी, दोन्ही मडकी एकात एक घालून माझ्या ओटीवर घेऊन आली. "भावजी, वाळू मातर नदीची घ्या," एवढं सांगून गेली.

बायकोला सुई बघवत नाही, मुलगा मुंबईला. तेव्हा मीच घेतो. रोज सकाळी औषध रेघेवर आणतो, बुडबुडा काढतो, मांडीची चिमटी धरतो आणि स्वतःलाच विचारतो. सतरा गुणिले तेवीस. तीनशे चाळीस. एक्कावन्न. तीनशे एक्क्याण्णव.

उत्तर येऊन बसलेलं असतं, आणि सुई अजून माझ्या हातातच असते.